झेब्रा फिंचची पिल्ले पहिल्या आठवड्यातच का दगावतात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी झेब्रा फिंच या चिमुकल्या, दाणे खाणाऱ्या पक्ष्याची एक जोडी आहे, गेल्या सहा महिन्यांत मादीने पाच वेळा अंडी घातली, दर खेपेला चार-पाच अंड्यांपैकी बहुतेकांतून पिल्ले बाहेर आली, परंतु एकही पिल्लू आठवडाभर जगले नाही आणि मेलेली पिल्ले घरट्याबाहेर, पिंजऱ्याच्या तळाशी सापडली. आहार म्हणजे तयार मिश्र दाणा आणि पाण्यातून दिले जाणारे जीवनसत्त्वांचे थेंब. घरटे कायम टांगलेले. आणि आता पिल्ले जगावीत म्हणून कोणते औषध द्यावे, असे आपण विचारले आहे. औषधाचे नाव मी सुचवणार नाही, कारण आपण दिलेल्या माहितीत आजाराचे लक्षण एकही दिसत नाही. दिसते ती एक थकलेली मादी आणि पिल्ले वाढवण्यास अपुरा पडणारा आहार. पिल्लू जगेल की नाही, याचा बराचसा निकाल ते अंड्यातून बाहेर येण्यापूर्वीच लागलेला असतो, आणि म्हणून उपायही तिथूनच सुरू करावा लागतो.

मादीवर पडलेला ताण किती आहे, हे आधी पाहू. झेब्रा फिंचच्या मादीचे वजन साधारण १२ ते १५ ग्रॅम असते आणि तिचे एक अंडे सुमारे एक ग्रॅमचे असते. म्हणजे पाच अंड्यांच्या एका खेपेत ती स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांशाइतके वजन शरीराबाहेर टाकते, तेही रोज एक याप्रमाणे, सलग पाच दिवसांत. आपल्या मादीने सहा महिन्यांत वीस ते पंचवीस अंडी घातली असावीत. त्यांचे एकत्रित वजन तिच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास दीडपट भरते. त्या प्रत्येक अंड्याच्या कवचासाठी लागणारे कॅल्शियम आणि बलकासाठी लागणारी प्रथिने तिने कोरड्या दाण्यांतून आणि ते पुरले नाही तेव्हा स्वतःच्या हाडांतून व स्नायूंतून काढलेली आहेत. अशा मादीच्या अंड्यातून येणारे पिल्लू बाहेर तर येते, पण मान उचलून चोच उघडण्याची ताकद त्याच्यात नसते, आणि जे पिल्लू चोच उघडत नाही, त्याला आईबाप भरवत नाहीत.

हा पक्षी थांबत का नाही, याचे उत्तर त्याच्या मूळ प्रदेशात आहे. झेब्रा फिंच हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला पक्षी. तिथे पाऊस वेळापत्रक पाळत नाही. तो पडला की गवत उगवते, कोवळे बी धरते, आणि हे पक्षी लगेच घरटी बांधून एकामागोमाग एक खेपा काढतात, कारण पुढचा पाऊस कधी येईल याची शाश्वती नसते. दुष्काळ पडला की हे सारे आपोआप थांबते. आपल्या पिंजऱ्यात मात्र दाणा संपत नाही, पाणी आटत नाही आणि घरटे तयारच असते, त्यामुळे त्या जोडीच्या लेखी पावसाळा सहा महिने चालूच आहे. पाळणाऱ्याचे काम जोडीला अंडी घालायला लावणे हे आहे, असे नव्याने फिंच पाळणाऱ्यांना वाटते. प्रत्यक्षात ते काम पक्ष्यांना कुणी सांगावे लागत नाही. आपले काम वेळच्या वेळी थांबवण्याचे आहे.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या आपल्या प्रश्नात आलेल्या नाहीत. जोडीचे वय किती आहे, हे कळायला हवे. तीन महिन्यांची मादीही अंडी घालू शकते, परंतु ती आठ-नऊ महिन्यांची होईपर्यंत तिला घरटे देऊ नये. नर आणि मादी एकाच घरट्यातली भावंडे आहेत का, हेही महत्त्वाचे आहे, कारण जवळच्या नात्यातल्या जोडीची पिल्ले अधिक प्रमाणात कमकुवत निघतात. पिंजऱ्यात आणखी पक्षी आहेत का, रात्री त्या खोलीत वावर असतो का, थंडी किती पडते, यांनीही उत्तर बदलते. ही माहिती नसताना मी निदान करत आहे, हे लक्षात घ्यावे. मात्र एक पुरावा आपल्या हाती दर वेळी येत होता आणि बहुधा तो पाहिला गेला नाही: मेलेले पिल्लू.

पुन्हा असे घडलेच, तर पिल्लू टाकून देण्यापूर्वी ते पांढऱ्या कागदावर ठेवून चांगल्या उजेडात पाहावे. पहिल्या आठवड्यात पिल्लाची कातडी इतकी पातळ असते, की मानेच्या बाजूला असलेली अन्नाची पिशवी बाहेरून स्पष्ट दिसते. ती भरलेली असेल, तर कातडीखाली सोललेले फिकट दाणे एकेक मोजता यावेत असे दिसतात. ती रिकामी आणि आत ओढलेली असेल, पोट खपाटीला गेलेले असेल, तर पिल्लाला भरवलेच गेले नाही किंवा त्याने तोंड उघडले नाही. पिशवी गच्च भरलेली असून पिल्लू मेलेले असेल, तर ते भरवले जात होते आणि मग गारठले, ओढले गेले किंवा फेकले गेले. या दोन प्रकारांवरचे उपाय एकमेकांहून अगदी वेगळे आहेत. आपल्या वर्णनावरून माझा कल पहिल्या प्रकाराकडे आहे, कारण पाचही खेपांत सगळीच पिल्ले गेली आहेत आणि तीही त्या काळात, जेव्हा भरवण्याची गरज रोज वाढत जाते.

मादी पिल्ले बाहेर फेकते, असे आपण लिहिले आहे. ते खरेही असू शकते, परंतु बहुतेक घरांत क्रम उलटा असतो: पिल्लू रात्री घरट्यात मरते आणि सकाळी आईबाप ते उचलून बाहेर टाकतात, कारण घरटे स्वच्छ ठेवण्याची त्यांची वृत्ती असते. तेव्हा तळाशी पडलेल्या पिल्लावरून मादीला दुष्ट ठरवण्याची घाई करू नये. खरोखर जिवंत पिल्ले बाहेर काढली जातात, त्यामागे मला तीन कारणे वारंवार आढळली आहेत. पहिले म्हणजे पुढच्या खेपेसाठी उतावीळ झालेला नर, आणि सतत टांगलेले घरटे त्या उतावीळपणाला खतपाणीच घालते. दुसरे म्हणजे पायात अडकणारे लांब धागे किंवा वाढलेली नखे, ज्यांत गुंतून पिल्लू आईबापांच्या उडण्याबरोबर बाहेर ओढले जाते. तिसरे म्हणजे पिल्लाच्या पायात ओळखीसाठी फार लवकर घातलेली चकचकीत कडी. आईबाप ती घरट्यातला कचरा समजून बाहेर टाकू पाहतात आणि कडीबरोबर पिल्लूही जाते. ही दोन-तीन मिनिटांत तपासण्याजोगी कारणे आहेत, म्हणून आधी ती बाद करून घ्यावीत.

एक तपासणी मात्र रात्री करावी लागते. पक्ष्यांच्या अंगावर रात्री येऊन रक्त शोषणाऱ्या लाल गोचिडीसारख्या अतिसूक्ष्म किडी दिवसा पिंजऱ्याच्या सांध्यांत आणि घरट्याच्या विणीत लपून बसतात, त्यामुळे दिवसा पक्षी हातात घेऊन पाहिला तरी काही सापडत नाही. रात्री पिंजऱ्यावर पांढरे सुती कापड टाकावे आणि पहाटे उजेड होण्यापूर्वी त्याची आतली बाजू व घड्या पाहाव्यात. टाचणीच्या डोक्याहून लहान लाल-तपकिरी ठिपके हलताना दिसले, तर पिल्ले रक्त कमी होऊन मरत आहेत असे समजावे. अशी पिल्ले गुलाबी न दिसता फिकट, मेणचट दिसतात. मग घरटे जाळून टाकणे, पिंजरा उकळत्या पाण्याने सांध्यासांध्यांतून धुणे आणि पक्ष्यांसाठी औषधाची मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून घेणे, हा मार्ग आहे. बारा ग्रॅमच्या पक्ष्याला अंदाजाने थेंब देणे धोक्याचे असते.

आज करण्याची पहिली गोष्ट ही, की ही साखळी तोडावी. त्यासाठी घरटे काढावे, हे खरे, पण ते कोणत्या दिवशी काढता याला फार महत्त्व आहे. घरट्यात या क्षणी अंडी असतील आणि आपण ती उचलून फेकली, तर मादी आठवड्याभरात नवी खेप सुरू करते, आणि तिला विश्रांती देण्याच्या नादात आपण तिच्याकडून आणखी पाच अंडी काढून घेतो. त्याऐवजी ताजी अंडी एकेक करून काढावीत, पाण्यात उकळून, पूर्ण गार करून परत ठेवावीत, किंवा तेवढ्याच आकाराची प्लास्टिकची अंडी ठेवावीत. जोडी त्यांच्यावर तिचे नेहमीचे दिवस बसते, काही दिवस अधिकही बसते, आणि मग कंटाळून स्वतःच उठते. ती उठल्यावर, नवे गवत उचलू लागण्यापूर्वी, घरटे आणि घरटे बांधता येईल असे सारे साहित्य पिंजऱ्यातून काढून टाकावे.

यानंतर किमान तीन महिने घरटे देऊ नये. आपल्या मादीच्या बाबतीत मी चार महिने म्हणेन. एवढ्यावरही काही माद्या दाण्याच्या वाटीत किंवा तळाच्या कोपऱ्यात अंडी घालतात. तसे झाल्यास पसरट वाटीऐवजी अरुंद तोंडाचे, बाहेरून अडकवायचे भांडे वापरावे, खोलीतला कृत्रिम उजेड कमी करून दिवस दहा तासांच्या आसपास आणावा, आणि तरीही थांबत नसेल तर नर व मादी यांना शेजारशेजारच्या दोन पिंजऱ्यांत ठेवावे. जोडीतले नाते यामुळे तुटेल अशी भीती अनेकांना वाटते, परंतु एकमेकांचा आवाज ऐकू येत असेल तर ते सहसा तुटत नाही. विश्रांती पुरी झाली की नाही, हे केवळ दिनदर्शिकेवरून ठरवू नये. मादीला हळुवार हातात घेऊन छातीच्या मध्यावरचे उभे हाड बोटाने चाचपावे. ते सुरीच्या धारेसारखे लागत असेल, तर दोन्ही बाजूंचे मांस अजून भरलेले नाही. पिसांची झड पूर्ण होऊन नवी पिसे आलेली असावीत आणि तिने पिंजऱ्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता उडावे, तेव्हाच पुढचा विचार करावा.

थकलेल्या मादीच्या बाबतीत एक धोका आधीच सांगून ठेवतो: अंडे अडकणे. मादी पिसे फुगवून तळाशी बसलेली दिसते, शेपटी वरखाली होते, डोळे अर्धवट मिटलेले असतात, पोटाचा खालचा भाग फुगलेला असतो. यात तासांचा प्रश्न असतो, दिवसांचा नाही. तिला लहान पेटीत मऊ कापडावर, सुमारे ३० अंश सेल्सिअसच्या उबेत आणि शांत अंधारात ठेवावे आणि विलंब न लावता पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाकडे न्यावे. अंडे दाबून काढण्याचा प्रयत्न घरी कधीही करू नये; ते आत फुटले तर मादी बहुधा वाचत नाही. थंडी, कॅल्शियमची कमतरता, फार कोवळे वय आणि लागोपाठच्या खेपा ही याची मुख्य कारणे असून, त्यांपैकी शेवटचे कारण आपल्या पिंजऱ्यात हजर आहे.

आता आहाराकडे वळतो, कारण विश्रांतीचे महिने वाया न घालवता याच काळात शरीर भरून काढायचे आहे. मिश्र दाणा वाईट नाही. तो अपुरा आहे. राळे, बारीक बाजरी, कॅनरी सीड यांसारखे कोरडे दाणे ऊर्जा भरपूर देतात, परंतु त्यांत प्रथिने बेताचीच असतात आणि त्या प्रथिनांत लायसिनसारखे आवश्यक घटक कमी पडतात. जीवनसत्त्व अ आणि कॅल्शियम तर नगण्यच असते. मोठा झालेला, अंडी न घालणारा पक्षी यावर महिनोन्‌महिने ठीक दिसतो, म्हणून पाळणाऱ्यांची समजूत होते की आहार बरोबर आहे. पिल्लाची गोष्ट वेगळी आहे. जन्मतः एक ग्रॅमही न भरणारे पिल्लू पंधरा दिवसांत दहा ग्रॅमच्या पुढे जाते, आणि ही वाढ नुसत्या कोरड्या दाण्यावर होत नाही. रानातसुद्धा हे पक्षी पिल्लांना वाळलेले कडक बी न देता मुख्यतः अर्धे पिकलेले, दुधाळ, कोवळे गवताचे बी भरवतात.

त्या कोवळ्या बीची जागा घरी मोड आलेले दाणे घेतात. रोजचाच दाणा रात्रभर भिजवून, सकाळी स्वच्छ धुऊन चाळणीत निथळत ठेवावा आणि दर सात-आठ तासांनी पुन्हा धुवावा. टोकाशी जेमतेम पांढरा ठिपका दिसू लागला की तो द्यावा; लांब मोड येण्याची वाट पाहू नये. आंबूस वास आला किंवा दाणा बोटांना बुळबुळीत लागला, तर सगळाच फेकावा, कारण बुरशी लागलेल्या मोडांनी पिल्ले एका दिवसात जातात. वाटीतले उरलेले मोड उन्हाळ्यात दोन तासांत आणि एरवी तीन-चार तासांत उचलावेत.

दुसरा आधार उकडलेल्या अंड्याचा. कोंबडीचे अंडे दहा-बारा मिनिटे चांगले उकडून, धुतलेल्या कवचासह किसून किंवा अगदी बारीक कुस्करून, एका जोडीला लहान चमचाभर पुरते. इथे एक अडचण हमखास येते: ज्या फिंचने अंडे कधी पाहिलेले नाही, ती त्याला कित्येक दिवस चोच लावत नाही. पिल्ले बाहेर आल्यावर धावपळ करून अंडे ठेवणाऱ्यांचा घात इथेच होतो, कारण जोडीला ते खाद्य वाटेपर्यंत पिल्ले संपलेली असतात. आपण जुन्या खेपांत कधी अंडे ठेवून पाहिले असेल आणि पक्ष्यांनी खाल्ले नाही म्हणून सोडून दिले असेल, तर कारण हेच असावे. म्हणून ओळख विश्रांतीच्या काळातच करून द्यावी. कुस्करलेल्या अंड्यावर ओळखीचे राळे भुरभुरावे, सकाळी पक्षी भुकेला असताना ती वाटी आधी आणि दाण्याची वाटी तासाभराने द्यावी. पण दाणा त्याहून अधिक वेळ अडवून ठेवू नये, कारण इतका लहान पक्षी दीर्घ उपास सहन करू शकत नाही. एकदा सवय लागली की विश्रांतीच्या काळात आठवड्यातून एकदाच अंडे द्यावे. रोज दिल्यास तेच अंडी घालण्याचे आमंत्रण ठरते. घरटे देण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून एक दिवसाआड, आणि पिल्ले आल्यावर दिवसातून दोन वेळा ताजे, अशी चढती कमान ठेवावी.

कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा बारा महिने पिंजऱ्यात असावा, आणि शेजारी उकळून, वाळवून, कुटलेल्या अंड्याच्या कवचाची वाटी असावी. कोणती मादी कशाला पसंती देईल हे सांगता येत नाही. कॅल्शियम अंगी लागण्यासाठी जीवनसत्त्व ड३ लागते आणि ते उन्हात तयार होते, परंतु खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हातले उपयोगी किरण काच अडवते. म्हणून पिंजरा सकाळच्या कोवळ्या उन्हात, काचेबाहेर, अर्ध्या भागावर सावली ठेवून थोडा वेळ न्यावा, आणि मांजर व कावळा यांच्यावर नजर ठेवून तिथेच थांबावे. हिरव्या पाल्यातली पालक मी टाळतो, कारण तिच्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. कोथिंबीर, मेथी, कोवळ्या गवताच्या ओंब्या चालतात.

पाण्यातले थेंब मात्र बंद करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जीवनसत्त्वे पाण्यात आणि उजेडात लवकर नष्ट होतात, पाण्याची चव बदलल्याने पक्षी कमी पितात, आणि गोडसर पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणजे लाभ अनिश्चित आणि तोटा निश्चित. पूरक पावडर द्यायचीच असेल, तर ती सांगितलेल्या मात्रेत ओलसर अंड्यावर भुरभुरावी. दाणा पोटात दळला जावा म्हणून ठेवल्या जाणाऱ्या खनिज वाळूबद्दल मतभेद आहेत. फिंच दाणा सोलून खाते, त्यामुळे तिला वाळूवाचून अडत नाही, आणि मी ती ठेवत नाही. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट आणि खारवलेले पदार्थ पूर्ण वर्ज्य आहेत, आणि पिंजरा स्वयंपाकघराजवळ असेल तर नॉनस्टिक भांडे कोरडे तापू देऊ नये, कारण त्याची वाफ पक्ष्यांना काही मिनिटांत मारते. आणखी एक साधी गोष्ट, जी अनेक अनुभवी लोकही विसरतात: वाटी भरलेली दिसते, पण वरचा थर नुसत्या फोलपटांचा असतो. रोज ती फुंकून पाहावी.

पिंजऱ्याविषयी फार लिहीत नाही. तो उंचीपेक्षा लांबीला जास्त असावा, एका जोडीला किमान ७५ सेंटिमीटर लांबी द्यावी, आणि गजांमधले अंतर एक ते सव्वा सेंटिमीटरहून अधिक नसावे. बसण्याच्या दांड्या हलत्या नसाव्यात. मीलनाच्या वेळी दांडी डळमळली, तर अंडी रिकामी निघतात. आपल्याकडे अंडी फळत आहेत, तेव्हा तो दोष इथे नाही.

म्हणजे आधी साखळी तोडणे, मग मादी भरून येऊ देणे, त्याच काळात अंड्याची आणि मोडांची सवय लावणे, आणि हे तिन्ही झाल्यावरच घरटे, असा हा क्रम आहे. घरटे देताना वेताची टोपली किंवा साधारण १२-१३ सेंटिमीटरची, पुढून अर्धी उघडी लाकडी पेटी वर, एका कोपऱ्यात बसवावी. साहित्य म्हणून सुके मऊ गवत आणि नारळाचा काथ्या बोटाएवढ्या लांबीचे कापून द्यावा. दोरा, कापूस आणि केस देऊ नयेत, ते पायांना आवळतात. पहिले अंडे दिसताच उरलेले साहित्य उचलावे. ते राहिले, तर काही नर बांधतच राहतात, अंड्यांवर नवा थर चढतो, मादी त्यावर पुन्हा अंडी घालते आणि खालची अंडी गाडली जातात.

मादी रोज सकाळी एक अंडे घालते आणि जोडी नेटाने बसू लागते ती बहुधा तिसऱ्या-चौथ्या अंड्यानंतर, त्यामुळे पहिली अंडी गार लागली म्हणून घाबरू नये. नर आणि मादी आळीपाळीने बसतात. सातव्या दिवशी, दोघेही दाण्यावर असताना, अंड्यामागे बारीक टॉर्च धरून पाहावे; फळलेल्या अंड्यात लाल शिरांचे जाळे दिसते. झेब्रा फिंच दिवसातून एकदा, ठरावीक वेळी, अर्ध्या मिनिटात उरकलेली पाहणी सहन करते. दर तासाला डोकावणे मात्र तिला सहन होत नाही. आंघोळीची उथळ वाटी या दिवसांत जरूर ठेवावी, कारण ओल्या पोटाने परत बसणारी मादी घरट्यात दमटपणा नेते आणि कवच सुटायला त्याची मदत होते. बारा ते चौदा दिवसांत पिल्ले येतात. उन्हाळ्यात या शेवटच्या दिवसांत आईबाप अंड्यांशेजारी एक वेगळीच बारीक साद घालताना ऐकू आले, तर ते लक्षपूर्वक ऐकावे: तापमान २६ अंशांवर गेले की ही साद घातली जाते आणि ती ऐकलेल्या पिल्लांची वाढ उष्णतेनुसार बदलते, असे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले आहे.

पिल्ले आल्यानंतरचा पहिला आठवडा आपल्यासाठी कसोटीचा आहे. रोज संध्याकाळी, दिवे मालवण्याच्या अर्धा तास आधी, पिल्लांच्या मानेजवळची पिशवी पाहावी. रात्री ती भरलेली असली पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून भरवताना पिल्लांचा किरकिराट बाहेर ऐकू येऊ लागतो आणि दिवसागणिक तो वाढावा. सर्वांत शेवटी बाहेर आलेले, सर्वांत लहान पिल्लू चांगल्या जोडीकडेही कधी कधी जगत नाही. ते अपयश मानू नये. अठरा ते एकवीस दिवसांत पिल्ले घरट्याबाहेर पडतात, पण रात्री झोपायला परत येतात, म्हणून घरटे आणखी आठवडाभर राहू द्यावे आणि मग लगेच काढावे, नाहीतर मादी पिल्लांच्या पायांतच पुढची अंडी घालते. साधारण पस्तिसाव्या दिवसापर्यंत पिल्ले स्वतः दाणा सोलू लागतात. दोन-तीन दिवस खात्री करून त्यांना वेगळे करावे. नर पिल्लांचा पिंजरा मात्र बापाच्या शेजारीच ठेवावा, कारण ती गाणे बापाकडून शिकतात आणि तो काळ सुमारे तीन महिन्यांच्या वयापर्यंत चालतो. यानंतर पुन्हा विश्रांती. वर्षाला दोन, फार तर तीन खेपा.

एवढे सगळे करूनही पिल्ले गेली, आणि पिशव्या रिकाम्याच आढळल्या, तर मी जोडी बदलेन. फिंच पाळणारे दुकानातून एक नर आणि एक मादी उचलून आणतात आणि त्यांनी एकमेकांना पसंत केले असेल असे गृहीत धरतात. जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, स्वतः जोडीदार निवडलेल्या झेब्रा फिंचची जगलेली पिल्ले, माणसांनी जुळवून दिलेल्या जोड्यांपेक्षा ३७ टक्के अधिक होती. तेव्हा शक्य असेल तर तीन-चार नर आणि तितक्याच माद्या मोठ्या पिंजऱ्यात घरट्याविना काही आठवडे एकत्र ठेवाव्यात, दांडीवर कोण कोणाला चिकटून बसतो आणि कोण कोणाची पिसे साफ करतो ते पाहावे, आणि त्याप्रमाणे जोड्या वेगळ्या कराव्यात. नवे पक्षी आणल्यास त्यांना आधी महिनाभर दुसऱ्या खोलीत ठेवावे. आपल्या सध्याच्या जोडीचे वय, तिचे नाते आणि घरट्यात या घडीला अंडी आहेत की नाहीत, एवढे कळवल्यास घरटे नेमके कधी काढावे हे मला अधिक खात्रीने सांगता येईल.